‘लास्टबस’ मी होतो

खबर आली तेव्हा मी हसलो. आधी तेच कबूल करतो. लूमच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही भिवंडीचे कारागीर शेडमध्ये हातांनी बोलतो. पलीकडच्या टोकाला रफिकभाईंनी गाडीचं स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं. ती आमच्या वामन जॉबरची, लूम दुरुस्त करणाऱ्याची, खूण. सगळे त्याला ‘लास्टबस’ म्हणत. मग त्यांनी तळवा आभाळाकडे उचलला. मला वाटलं, आज पुन्हा कुणी त्याची खेचतंय... मी हसून हात हलवला. रफिकभाई हसले नाहीत. वामन पहाटे कोन गावात, राहत्या घरी, छातीत कळ येऊन गेला होता.

त्याला हे नाव कसं पडलं ते अर्ध्या भिवंडीला माहीत आहे, पण चुकीचं. बहात्तरच्या उन्हाळ्यात आमच्या शेडचे आम्ही सहा जण हरिद्वारला गेलो आणि तिथून एका दिवसापुरते मसुरीला. थंडीच्या धास्तीने सगळ्यांनी एकाच हातगाडीवरून लाल स्वेटर घेतलेले. लूमवर काम करणारा माणूस शेडबाहेर आला की ओरडूनच बोलतो, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. मसुरीच्या त्या शांत रस्त्यावर आम्ही चहा कुठे घ्यायचा ते ठरवत होतो, तर एका हॉटेलवाल्याने धावत येऊन वामनला मागून घट्ट धरलं. ‘भाईसाब, झगड़ा मत करो.’ वामन म्हणाला, ‘झगडा न्हाय हो, हम चाय का पूछता हय.’ त्या माणसाने आम्हाला चहा दिला आणि सबंध वेळ दारात उभा राहिला. पुढे वामन भाड्याच्या घोड्यावर बसला. घोडा जागचा हलेना. घोडेवाला चाबूक उगारतोय तोवर वामन खाली उतरला, बिघडलेल्या लूमभोवती फिरावं तसा घोड्याभोवती फिरला, पोटाखालचा पट्टा जरासा सैल केला, आणि घोडा चालू लागला. घोडेवाल्याने भाडं घेतलं नाही.

परतीची शेवटची बस चारची होती. वरच्या टेकडीवर फोटोवाले पहाडी कपडे भाड्याने देत. मी एकटाच मागे रेंगाळलो... का ते आजही नीट सांगता येणार नाही. शेडमध्ये मी कधी न हसणारा माणूस. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. मी बायकांचा पोशाख मागितला. घागरा, ओढणी, एवढी मोठी नथ, कमरेवर फुलांची टोपली. फोटोवाला ‘मॅडम, थोडा मुस्कुराओ’ म्हणाला आणि मी चक्क मुरकलो. तेवढ्यात खालच्या वळणावर लाल स्वेटर दिसला. मला शोधत आलेला वामन. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातांनी विचारलं, शिफ्ट सुटली, येतोस ना? मी दोन बोटं जुळवून लांब केली. धागा तुटलाय, जोडून येतो. तो तोंडावर हात दाबून तिथेच बसला, खांदे गदगदत होते.

आमची वाट बघून बाकीचे चौघे बसमधून खाली उतरले, आणि बस गेली. चौघे आमच्यावर तुटून पडायच्या आत वामन म्हणाला, ‘मी चाय पीत बसलो. दाम्या मलाच धुंडीत होता.’ दाम्या म्हणजे मी. मी मान डोलावली. तेवढंच केलं.

मग चुनखडीच्या ट्रकमध्ये, ढिगावर बसून आम्ही देहरादूनला उतरलो. प्रत्येक वळणाला एकमेकांच्या अंगावर पडत, वामनला ‘लास्टबस’ म्हणून शिव्या घालत, गाणी म्हणत. पोचलो तेव्हा सहाही स्वेटर पांढरे झाले होते. तितका मी पुन्हा कधी हसलो नाही. फोटो पोस्टाने येणार होता. पत्ता मी खोटाच दिला होता.

दोन वर्षांनी शेडला मुकादम नेमायचा होता. हक्काने वामनच व्हायचा. शेठ सगळ्यांदेखत हसत म्हणाले, ‘लास्टबसच्या हातात शिफ्ट कशी द्यायची?’ सगळे हसले, वामनही. मुकादम मी झालो. त्या दिवशी एक वाक्य बोललो असतो तर... नाही बोललो. पहिला पेढा वामननेच माझ्या तोंडात घातला, आणि त्याविषयी आजन्म अवाक्षर काढलं नाही.

गेल्या रविवारी कोनला जाऊन मी हे सगळं वामनच्या बायकोला, वहिनींना सांगितलं, घागऱ्यासकट. त्या आधी हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, ‘भावोजी, ते मला पन बोलले न्हाईत.’ त्यांनी आतून मालतीला, थोरल्या लेकीला, हाक मारली. ‘हिच्यासमोर सांगा परत. पोरींना शाळेत लास्टबसच्या पोरी म्हनायचे.’

मी परत सांगितलं. मालती हसली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हणाली, ‘म्हणून बाबांनी ते दहा मिनिटं पुढं ठेवलं होतं.’ तेव्हा मला आठवलं, मी मुकादम झाल्यापासून वामन एकही दिवस न चुकता माझ्या आधी शेडच्या दाराशी हजर असायचा. मालती स्टुलावर चढून काटा मागे घेणार, तोच वहिनी म्हणाल्या, ‘राहू दे. घराला आता त्याच्यावरच उठायची सवय हाय.’