मांगरातला विमानाचा खेळ

गेली तीन वर्षं मी रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी मोठ्या भावाची दाढी करतो. लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा. मी ऐकून घेतो. दादा झाडावरून पडला त्याचा दोष वहिनीनं स्वतःकडे घेतला आहे. तो तिचा नाही, माझा आहे.

दादा बागेत राहिला, मी रत्नागिरीत कारकून झालो. बाग पूर्णगडच्या रस्त्याला, शहरापासून स्कूटरनं वीस मिनिटांवर. हापूसची कलमं वडिलांनी लावली, पण वाढवली दादानं. हंगामात मी रजा काढून जायचो ते मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, सावलीला बसून पेट्या भरायला. मला झाडावर चढायची भीती वाटते. दादानं हे कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी चैत्रात आम्ही दोघं दुपारी जेवून मांगरात आडवे झालो होतो. मी फोनवर विमानाचा खेळ खेळत होतो. त्यात बटणं दाबायची नसतात. फोन डावीकडे कलता केला की विमान डावीकडे जातं, उजवीकडे केला की उजवीकडे. गोळ्या आपोआप सुटतात.

"आण इकडे," दादा म्हणाला. "पन्नाशी आली तरी खेळतोयस मेल्या."

त्यानं फोन दोन्ही हातांत धरला आणि विमान थरथरायला लागलं. जागच्या जागी, सारखं. लगेच फुटलं. दुसऱ्या डावालाही तेच.

"तुझा फोन बिघडलाय रे."

फोन बिघडला नव्हता. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. फोन खाली ठेवला तरी उजवा अंगठा बोटावर घासत होता, तंबाखू मळावी तसा. दादा तंबाखू खात नाही.

ऐन हंगाम होता. गडी होते, पण शेंड्यावरचा आंबा उतरवावा तो दादानंच. तो थांबला असता तर मला रजा वाढवावी लागली असती, डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं, कदाचित झाडाखाली उभं राहून गड्यांवर ओरडावं लागलं असतं. हे सगळं तेव्हाच माझ्या मनात येऊन गेलं. कळलंच नाही, असं म्हणायची मला सोय नाही.

"थांब, बघतो," म्हणालो. सेटिंगमध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटी पार खाली आणली. मग हात जरासा हलला तर खेळ तिकडे लक्षच देत नाही. फोन परत दिला. विमान सरळ उडालं. दादानं भराभर विमानं पाडली.

"बघ! हात आहे अजून माझा. फोनच तुझा नाटकी."

"होय रे," मी म्हणालो.

बाराव्या दिवशी तो पडला. पुण्याला लेकीकडे पाठवायला शेंड्यावरचे चार आंबे काढा, असं सकाळी वहिनीनं सांगितलं होतं. घळ, म्हणजे टोकाला जाळी बांधलेला बांबू, एका हातात होती. दुसऱ्या हातातली फांदी सुटली. कमरेचं हाड मोडलं. इस्पितळात डॉक्टरांनी आधी हाड पाहिलं, मग हात. कंपवात म्हणाले. "कुणाच्याच लक्षात आलं नाही?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दादा त्यानंतर धड उभा राहिला नाही. "मीच पाठवलं वर," वहिनी येईल-जाईल त्याला सांगते. आंबा ती तोंडात घालत नाही.

गेल्या महिन्यात मी दादाला सांगितलं. तेही त्याच्या गालावर वस्तरा असताना, म्हणजे त्याला माझ्याकडे वळता येणार नाही अशा वेळी. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "हिला सांगू नको. तिनं तुला घरात घेतलं नाही तर माझी दाढी कोण करील? न्हावी काय येणाराय इथं चढण चढून?" आणि हसला. मीही हसलो. कचेरीला जाताना वाटेत स्कूटर थांबवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्यानं मला मोकळं केलं होतं, पण वहिनीला कोण मोकळं करणार?

काल तिला सांगितलं. ती मागीलदारी तांदूळ निवडत होती. फोन कसा कलवतात, विमान कसं थरथरलं, मी काय बदललं, सगळं समजावून सांगावं लागलं. तिनं तो खेळ कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"आणि तरी तुम्ही त्यांना वर जाऊ दिलंत."

"हो."

सुपातला हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"भाऊजी, उद्या येऊ नका."

"दाढी..."

"मी करीन."

"आणि परवा?"

ती सूप उचलून आत गेली.

आज मी नेहमीच्या वेळेला उठलो. चहा घेतला, कपडे केले. कचेरी उघडायला दीड तास होता. आता तिचा हात कुठवर आला असेल, याचा अंदाज घेत मी खुर्चीत बसून राहिलो. हनुवटीखाली त्याची कातडी सैल आहे, तिथं ताणून धरावी लागते. हे तिला सांगायचं राहिलं.