खोगिरासाठी परत आलेला

आर्वीच्या भाजीबाजारात गोपिकाबाईच्या तोंडी लागू नये, हे गिऱ्हाइकांना पाठ आहे. कोणी वांगं दाबून पाहिलं की बाई विचारणार, "त्याले काय ताप आला का, नाडी पाहून राह्यली ते?" वय सत्तावन्न, पण आवाज असा की या टोकाला तिनं सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, भाव पुकारला की त्या टोकाची बाई आपली जुडी मुकाट्यानं स्वस्त करते. अशा आवाजावर रूपालीचा डोळा गेला नसता तरच नवल.

या रूपालीचं बाजाराच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पण जीव सारा दुसऱ्याच उद्योगात. परदेशी पिक्चरचे तुकडे घ्यायचे, त्यांवर वऱ्हाडी बोली चढवायची आणि मोबाइलवर सोडून द्यायचे. लोक पोट धरून हसतात. यंदा तिला कुठून तरी इटलीवाल्यांनी काढलेला काऊबॉयचा पिक्चर सापडला. पन्नासेक वर्षांपूर्वीचा, रंग उडालेला, त्यांच्या मुलखातही कोणी धड पाहिला नसावा असा. आणि त्यातला हिरो! काय सांगावं बाप्पा. पोट सुटलेलं, दाढी वाढलेली, घोड्याला भितो म्हणून खेचरावर बसतो. बंदूक आहे, पण उडाली की आधी हाच दचकतो.

"मावशी, याच्या तोंडी तुमचाच आवाज पाह्यजे," रूपाली म्हणाली.

"बुढ्याच्या तोंडी बाईचा आवाज?"

"तेच तर मज्जा हाय ना."

दुपारी बाजार थंडावला की गोपिकाबाई दुकानात जाऊन बसू लागली. आधी सारा पिक्चर दाखव, म्हणाली, अर्धवट काम मले जमत नाई. रूपालीनं गोष्ट सांगत सांगत दाखवला. माळरानावर एक गाव, गावात एकच विहीर, विहिरीवर डाकूंची नजर. गावकरी या खेचरवाल्याला राखणीला ठेवतात. हा त्यांच्या रोट्या खातो, कोंबड्या खातो, विहिरीवर पाण्याला येणाऱ्या एका लहान पोरीशी खडे खेळतो, आणि एका सकाळी चालता होतो. कोणी मारलं नाही, कोणी हाकललं नाही, तरी गेला. काही दिवसांनी परत येतो. गावकरी विचारतात, काऊन आला? तर म्हणतो, खोगीर विसरलो होतो. सारं गाव फिदीफिदी हसतं. खोगीर न्यायला म्हणून थांबतो तो थांबतोच, आणि शेवटी डाकू येतात तेव्हा विहिरीपुढे हा एकटा उभा असतो.

"थांबव," गोपिकाबाई म्हणाली. "माघं घे. तो परत येते तिथं."

रूपालीनं मागं घेतलं. बाईनं पुन्हा पाहिलं, आणखी एकदा पाहिलं, आणि पडद्यावर बोट टोचलं. "नजर पाह्य त्याची. खोगिराकडं हाय का? पोरीकडं हाय. ताकाले जाऊन भांडं लपवून राह्यला लेकाचा!"

हे तिला बरोबर कळलं, कारण तेहतीस वर्षांपूर्वी तिनं तेच केलं होतं. घरात नवरा डोमाजी, सासू कौशल्याबाई आणि दोन वर्षांची मेघा. एक दिवस ही उठली, एसटीत बसली आणि आष्टीला माहेरी निघून गेली. अकरा दिवसांनी परत आली, तर सासू दारात आडवी. "काऊन आली?" आता बाईचं नाक तेव्हापासूनचंच वर. माफी मागेल ती गोपिका कसली! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला: "माही तागडी राह्यली इथं. भाजी तोलाची तागडी न्यायले आली." तागडी घ्यायला आत गेली ती पुन्हा निघाली नाही.

पण सासूनं ते वाक्य जपून ठेवलं. नात रुसली की, आईसाठी रडली की, तिच्या कानात घालायची: "तुही माय तुह्यासाठी नाई आली व, तागडीसाठी आली." सासू गेली, डोमाजी गेला, मेघा लग्न होऊन जाम गावाला गेली. तिथं हायवेवर नवऱ्यासोबत भोजनालय चालवते. सणावाराला फोन करते. बरी हायेस का? बरी हाव. संपलं. आणि जी बाई अख्ख्या बाजाराला पुरून उरते, तिला एक वाक्य पोटच्या पोरीला सांगता आलं नव्हतं. लाज वाटावी अशीच गोष्ट, आणि तिला ती रोज वाटत होती.

रूपालीनं परत येण्याच्या जागी जोक लिहून आणला होता: "डबा विसरलो बे, बायको मारन!"

"हे मी नाई बोलत," गोपिकाबाई म्हणाली. "मी म्हणन, लेकरासाठी आलो."

"मावशी, मंग हसन कोण?"

"नोको हसू."

"अव, पिक्चरमध्येच तसं नाई म्हणत तो!"

"तो खोटारडा हाय. मी सुधरवून राह्यली त्याले."

रूपालीनं समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, दुसरा आवाज शोधते म्हणाली. "शोध ना," बाई म्हणाली, "पण मंग मी बोलली ते सारंच काढ." आठवडाभर दोघींचं हेच चाललं. शेवटी रूपालीनं हात टेकले आणि माइक पुढे सरकवला.

आता गंमत पाहा, आवाज फुटेना. बाजार हलवणारी बाई खाकरते, पाणी पिते, पुन्हा खाकरते. मग पडद्यावरच्या पोरीकडे पाहत एका दमात बोलून मोकळी झाली: "लेकरासाठी आलो. खोगीर-बिगीर सारं खोटं. तोंड नोतं मले, म्हणून खोटं बोललो. लेकराबिगर राहवलं नाई."

रूपालीनं हेडफोन काढला आणि पुन्हा घे असं म्हटलं नाही.

तुकडा सुटला. लोक बाकी जागी खो खो हसले. काहींनी खाली लिहिलं, मधातच हे काय रडगाणं? पण एका ग्रुपवरून दुसऱ्यावर तो फिरत राहिला, आणि ऐन बाजाराच्या दिवशी, गर्दी मावत नव्हती तेव्हा, गोपिकाबाईचा फोन वाजला. मेघा होती.

"माय, एक ड्रायवर जेवता जेवता पाहून राह्यला होता. तुहा आवाज वळखला मी."

"हाओ."

"ते त्या बुढ्यानं म्हटलं का तू?"

"मी. तुलेच म्हटलं."

मेघाचा आवाज चिरकला. "एका घरात राहत होतो माय आपण. एका ताटात जेवत होतो. येवढं सांगाले तुले पिक्चर लागला?"

"भेव वाटे. हे सांगतलं तर तू पुढचं विचारशीन."

"विचारतोच मंग. गेलीच काऊन होती?"

इथं खोटं किती सोपं होतं! सासूच्या जाचाचं नाव घ्यायचं, डोमाजीच्या दारूचं घ्यायचं. दोघंही मेलेले, साक्ष द्यायला येतं कोण? ते बाईच्या ओठावर आलंही होतं. तेवढ्यात समोरच्या गिऱ्हाइकानं वांगं दाबून भाव विचारला. "आज नाई इकत. जाय," बाई म्हणाली आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

"कोणी मारलं नोतं, मेघा. कोणी उपाशी ठेवलं नोतं. मी कंटाळली होती. घराले, चुलीले, साऱ्याले. तुले बी. दिवसभर अंगाले चिकटून राहे तू, तुले बी कंटाळली होती. मंग तिकडं शेजारचं एक लेकरू मायसाठी रडलं, अन् मी मिळन त्या एसटीत बसली. याच्याहून बरं कारण नाई माह्यापाशी."

पलीकडून भांड्यांचा खणखणाट येत होता, कोणी तरी जेवणाची ऑर्डर ओरडत होतं.

"ठेवू नोको व," गोपिकाबाई म्हणाली.

"नाई ठेवत," मेघा म्हणाली. "मी बी कधीकधी कंटाळतो माय, पोराइले. कोणाले सांगतलं नाई आतापर्यंत." मग नाक ओढून म्हणाली, "तू सांग. घरून निघाली तिथून सांग."

गोपिकाबाईनं भाजीवर पोतं ओढलं आणि भरल्या बाजारात सांगायला बसली.