एकाच नावाचे दोन तुकडे

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नंदाखाल गावातल्या वाडीतून उचलून मला चंदनसारला, मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आणून ठेवलं. लिफ्ट बंद, जिना उतरायला बंदी. आमची ही मागे राहिली, वाडी सांभाळायला.

सूनबाई बाळंतपणानंतर घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. साहेबाने फोनवर बजावलं होतं, सोमवारी गोदामाच्या मालकाला प्रोग्राम चालवून दाखवा, नाहीतर तुमचं काम दुसऱ्याला देतो. त्या रविवारी मुलगा बाळाला घेऊन तिच्या माहेरी, गास गावाला गेला होता. घरात आम्ही दोघंच, आणि प्रोग्राम सुरूच होईना. पडद्यावर नुसत्या लाल ओळी.

मी चौथी शिकलेला, पण विचारल्याशिवाय मला राहवत नाही. ती म्हणाली, जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला हा प्रोग्राम सुट्या तुकड्यांचा बनवलाय. सुरू होण्याआधी प्रत्येक तुकडा सांगतो, मला अमुक तुकडा लागतो, अमुक आवृत्तीचा.

"गोदामातून माल सोडणारा तुकडा म्हणतो, तारखा मांडणारा तुकडा सापडत नाही."

"हा काय, समोर दिसतोय की!"

"तो नवा, बाबा. मी लिहिलेल्या तुकड्याला लागतो. माल सोडणाऱ्याला जुनाच हवा."

"मग दोन्ही ठेव. आमच्या घरात नाही का?"

भावाशी वाटण्या झाल्यावर आमच्या घरात चुली दोन झाल्या. गौरीचा नैवेद्य खरं तर एकाच चुलीचा. पण धाकटा हटेना, आणि मी तर हटणारच नव्हतो. तेव्हापासून एकाच गौरीपुढे दोन पानं. काही बिघडलं नाही.

तिने दोन्ही ठेवले. लाल ओळी गेल्या.

"बघ! चौथी पास!"

ती हसली. मग माल सोडायचं बटण दाबलं आणि सगळं पुन्हा बंद पडलं. तिने पडद्यावरच्या ओळी वरून खाली वाचून काढल्या.

"माल सोडणारा माझ्या तुकड्याच्या हातात तारीख देतो," ती शेवटी म्हणाली. "ती जुन्याने बनवलेली. माझा म्हणतो, ही माझी तारीखच नाही. नाव तेच, तरी ओळख देत नाही."

"मग त्या माल सोडणाऱ्याला वाकव."

"तो उघडतच नाही. लिहिणारा नोकरी सोडून गेला, मूळ लिखाण कोणाकडे नाही. वाकायचं मीच."

पोटुशी असताना तिने आपला तुकडा लिहिला होता. मुदत संपत आलेला माल आपोआप यादीत वर यायचा त्यात. जुन्या तारखांवर ते जमत नव्हतं, म्हणून ती तेच कापायला लागली.

"तू का कापायचं? साहेबाला सांग, नाही होत!"

"माझा उघडतो म्हणून, बाबा." मान वर न करता म्हणाली, "आणि तुमच्या दोन पानांनी काही बिघडलं नाही असं तुम्ही म्हणता. आई वेगळं सांगतात."

आमची ही काय सांगते, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी प्रोग्राम चालला. तिने बटण दाबलं, माल सुटला. मी म्हटलं, "मालक विचारेल ना, ते वर यायचं कुठे गेलं?"

"ते होतं हेच त्याला माहीत नाही."

सोमवारी मालकाला दाखवून झाल्यावर साहेबाचा फोन आला. काम तिच्याकडेच राहिलं. ती दोनदा थँक्यू म्हणाली. मी पलंगावरून ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.