वडस्याच्या पोरीची बातमी

मामीजी गेल्या त्या सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवला नव्हता. शाळेत तपासणी होती, मी घाईत होते. चपला पायात सरकवता सरकवता म्हणाले, "मामीजी, आज संध्याकाळी वाचू." रात्रभर पडून पाऊस नुकताच उघडला होता आणि त्या सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "जा तू. बातम्या कुठी पळून जाऊन राह्यल्या का?" अकराच्या सुमारास मी तिसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला. "लवकर ये" एवढंच म्हणाले... शेजारच्या गावातून आरमोरीला घरी पोचले तेव्हा खडू माझ्या मुठीतच होता. मामीजी खुर्चीत होत्या, मान किंचित कललेली, चहाचा कप रिकामा. पंच्याऐंशी ओलांडलेलं वय, अंथरुणाला खिळणं नाही, कुणाकडून काही करून घेणं नाही. ह्यांनी त्यांचा हात हातात धरला होता आणि मला पाहून म्हणाले, "सुनंदा, आईनं चहा पुरा घेतला बघ."

आमच्या भागात सासूला मामीजी म्हणतात. त्यांचं नाव पारबताबाई. आता सहा आठवडे झाले. लोक भेटायला येतात, चेहरा पाडून बसतात, आणि मी त्यांच्याबद्दल बोलायला लागले की पाच मिनिटांत सगळे हसायला लागतात. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

मी चामोर्शीहून या घरात सून म्हणून आले तेव्हा घरात पेपर पहिल्यांदा त्यांच्या हातात पडायचा. चौथी शिकलेल्या होत्या आणि त्या चौथीचा त्यांना फार अभिमान. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, "डोळ्याले सुरी लावू देईन का मी? आंधळी नाई झाली अजून, धुरकट दिसून राह्यलं फक्त." त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी, शाळेला निघण्याआधी अर्धा तास. मी वाचायची आणि त्या निकाल द्यायच्या; मधे जरा थांबले की सूर लांबवून विचारायच्या, "मंगऽ?" चंद्रावर पाणी असल्याचं वाचलं तर म्हणाल्या, "बाप्पा! अन् आपल्या बोरिंगले काऊन नाई लागत?" एक आमदार पक्ष बदलून दुसरीकडे गेल्याची बातमी आली, तर थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "मंग त्याची बायको आता कोनाले मत देते?" मी म्हटलं, ते पेपरात नाही. "मंग अर्धीच बातमी हाय," त्या म्हणाल्या. दूरच्या दोन देशांत लढाई चालली होती, तिची चौकशी त्या रोज करायच्या, एखाद्या आजारी नातेवाइकाची करावी तशी. "थांबले का ते?" मी नाही म्हटलं की त्या दिवशी ह्यांच्यावर आणि माझ्यावर विशेष लक्ष असायचं. आमचा आवाज जरा चढला की सपरीतून हाक यायची, "तिकडे थांबून नाई राह्यले, तुमी तरी थांबा."

मी मात्र एक लबाडी करत असे. वाईट बातम्या गाळायची. आमच्या जिल्ह्याच्या पानावर काय काय येतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. सकाळी सकाळी म्हातारीच्या जीवाला घोर नको, म्हणून मी वाघाची बातमी वगळायची, अपघाताची वगळायची, आणि जागा भरायला कुठे शाळेला नवी खोली, कुठे एकाच वेलीला लागलेले डझनभर भोपळे असलं काहीतरी सांगायची. हळूहळू माझा हात त्यात बसला. कधी कधी तर पेपरपेक्षा माझ्याच बातम्या जास्त असायच्या.

अशात मयूरीचा फोन आला. मयूरी आमची एकुलती एक मुलगी, भामरागडकडच्या एका दवाखान्यात नर्स. तिथेच रक्त तपासणीचं काम करणारा विनोद नावाचा मुलगा तिला आवडला होता. जंगलातल्या एका लहान गावचा, माडिया आदिवासी कुटुंबातला. वडील नाहीत, आईनं धान पिकवून आणि मोहफुलं, चारोळी वेचून शिकवलेला. मयूरी म्हणाली, "मम्मी, लग्न करीन तर याच्याशीच. पण आजीचा आशीर्वाद पाहिजे. आजी नाही म्हणाली तर मी थांबीन, पण दुसरीकडे करणार नाही." ह्यांना सांगितलं. मुलाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. म्हणाले, "पण आईले कोण सांगेल?" त्यांची भीती खोटी नव्हती. मामीजींनी घरातली सगळी लग्नं नात्यागोत्यात, जातीत जमवलेली होती. ह्यांच्या एका चुलतभावानं बाहेरची मुलगी केली तेव्हा दोन वर्षं त्या त्याच्या उंबऱ्यावर गेल्या नव्हत्या.

मग मी ठरवलं, आपल्या हातात पेपर आहे ना. एका सोमवारी, धानाच्या भावाची बातमी संपवून, मी त्याच आवाजात पुढे वाचलं, "वडसा येथील एका तरुणीने आपल्यासोबत काम करणाऱ्या आदिवासी तरुणाशी विवाह करण्याचा निर्णय घेतला असून परिसरात सर्वत्र तिचे कौतुक होत आहे." मामीजींनी चहाचा घोट घेतला. मला हायसं वाटलं, मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मी बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, "त्या वडस्याच्या पोरीचं का झालं?"

मी पेपर तोंडासमोर धरला. म्हटलं, "आज... आजही आहे मामीजी थोडं. घरच्यांची बोलणी चालू आहेत म्हणतात."

"पोरगा कामधंद्याचा हाय का?"

"हो, दवाखान्यात आहे."

"पेते का?"

"नाही मामीजी. चहासुद्धा दिवसातून एकदाच."

"बरीच बारीक बातमी देल्ली म्हनाची पेपरवाल्यानं," त्या म्हणाल्या आणि सुपारी कातरायला लागल्या.

असे तीन आठवडे गेले. वडस्याची पोरगी आमच्या घरी रोज येऊ लागली म्हणा ना. तिच्या त्या मुलाला भाऊ किती, त्याचं घर कौलाचं की पत्र्याचं, त्याची आई स्वभावानं कशी, पोरीला जंगलात करमेल का, हे सगळं मामीजी विचारायच्या आणि मी पेपर समोर धरून विनोदची खरी माहिती देत जायची. रोज संध्याकाळी मी मयूरीला फोन करून उद्याच्या बातमीची सामग्री गोळा करायची. एकदा मामीजींनी विचारलं, "पोरगी आजारी पडली तर थो पोरगा का करते?" मी मयूरीला विचारलं. ती म्हणाली, मागच्या पावसाळ्यात तिला मलेरिया झाला तेव्हा नाल्याला पूर होता, रस्ता बंद होता, आणि विनोद कमरेएवढ्या पाण्यातून औषध डोक्यावर धरून घेऊन आला. आम्हाला तिनं तिचा मलेरिया कधी कळूच दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी हे वाचताना माझा आवाज कापला. मामीजींनी कातरत असलेली सुपारी खाली ठेवली.

त्यानंतरच्या सकाळी मी पेपर उघडला तर त्यांनी हात पुढे केला. "आन इकडे. आज माह्या वाचाची पाळी."

मी हसले. त्यांनी पेपर दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरला, उलटा, आणि खाकरून मोठ्यानं वाचायला लागल्या, "वडसा, दिनांक आजचा. वडस्याच्या पोरीच्या आजीनं पेपरवाल्याईले सांगतलं का, पोराले अन् त्याच्या मायले येत्या आयतवारी जेवाले घेऊन या. आजीले दिसत नाई, पन आजीले आयकू येते. सून रोज फोनवर कोनाशी कुजबुज करून राह्यली, ते बी आयकू येते."

मी जागच्या जागी रडायला लागले. ह्यांनी आतून येऊन विचारलं, काय झालं. मामीजी म्हणाल्या, "काई नाई. बातमी चांगली हाय म्हनून रडून राह्यली."

मग मी विचारलं, "मामीजी, तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. तू खरं वाचते तवा अडखळते. पेपरातले शब्द कठीन ऱ्हायतात. वडस्याच्या पोरीचं वाचते तवा पान्यावानी चालते."

"मग बोलला का नाहीत?"

"मले इचार कराले टाइम पायजे होता. तीन हप्ते तू मले पोरगा दाखवून राह्यली होती, मी पाहून राह्यली होती." जरा थांबून म्हणाल्या, "पयल्या दिवशी सरळ सांगतलं असतं तं मी नाईच म्हटलं असतं सुनंदा. मंग मले माह्याच नाईवर बसून ऱ्हावं लागलं असतं."

रविवारी विनोद आणि त्याची आई जैनीबाई आले. चारोळीचा पानात बांधलेला पुडा घेऊन. जैनीबाईंना मराठी येत नव्हतं. "जोहार" म्हणून त्या सपरीच्या कडेला टेकल्या, तर मामीजींनी हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि तो हात सोडलाच नाही. तळवा चाचपून म्हणाल्या, "धान कापाचा हात हाय हा." जैनीबाई काहीतरी बोलून हसल्या. विनोद संकोचून म्हणाला, "आई म्हणते, तुमचाही तसाच आहे." मामीजींनी पुढे विचारलं, तुमच्या गावात पेपर येतो का? विनोदनं आईला विचारून सांगितलं, "नाही आजी. आई म्हणते, आमच्या बातम्या बाजारात मिळतात. ज्याची बातमी असते तोच समोर उभा राहून सांगतो." मामीजी मान डोलावून म्हणाल्या, "मंग खोट्या बातम्या कमी असतीन तुमच्याकडे," आणि मी वाढता वाढता परत स्वयंपाकघरात पळाले.

लग्न ठरलं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशनही ठरलं. "नातजावई डोळ्यानं पाह्यचा हाय," एवढंच त्यांनी कारण दिलं. ज्या सुरीला वीस वेळा नाही म्हटलं होतं तिच्यासमोर त्या मुकाट्यानं आडव्या झाल्या. पट्टी निघाली, चष्मा आला, आणि पेपर पुन्हा पहिल्यांदा त्यांच्या हातात पडू लागला. चारेक दिवस त्या शांतपणे सगळी पानं वाचत राहिल्या. पाचव्या दिवशी मला हाक मारली. हसत नव्हत्या.

"इतके लोक मरतात रोज? तू मले सांगतलंच नाई."

मी म्हटलं, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून...

"मी काय लहान लेकरू हाय?" त्यांचं बोट एका चौकटीवर होतं. मोहफुलं वेचायला गेलेली एक बाई, वाघ. माझ्या शाळेपासून फार लांबचं गाव नव्हतं ते. "मी बी मोह वेचला हाय. ही माह्यासारखीच सकाळी टोपली घेऊन निंगाली असन. तिचं नाव तरी कोनी घेतलं पायजे का नाई?" त्यांनी तिचं नाव मोठ्यानं वाचलं, संपूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. मग चष्मा काढून पेपर माझ्या हातात दिला. "उद्यापासून तूच वाच. माह्यानं एकटीनं वाचवत नाई. पन गाळू नको काई."

तेव्हापासून मी काही गाळलं नाही. वाईट बातमी आली की आम्ही दोघी त्या माणसाचं नाव घ्यायचो आणि क्षणभर थांबायचो. भोपळे मात्र चालू राहिले. "एखांदी तुह्या मनाची सांग," असं त्या शेवटी म्हणायच्या, आणि मी सांगायची, आणि त्या ती खोटी आहे हे माहीत असून तिच्यावर निकाल द्यायच्या. लग्न दोन्हीकडच्या रीतींनी झालं. मामीजी नवा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसल्या आणि नातजावयाला पाहून म्हणाल्या, पेपरात दिला होता त्याच्यापेक्षा जरासा काळा हाय, बाकी बरोबर हाय.

तेरवीला जैनीबाई आल्या होत्या. पूर ओसरला होता म्हणून येता आलं. मामीजींच्या फोटोपुढे बसून राहिल्या आणि गेल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडच्या बाजाराच्या दिवशी दुपारी घरातला फोन वाजला. लग्नापासून हा फोन दर बाजाराला येत असे. त्यांच्या गावात रेंज नाही. बाजारात आल्या की विनोद नंबर लावून द्यायचा आणि दोघी म्हाताऱ्या अर्धा अर्धा तास बोलायच्या, एक माडियात, एक आमच्या झाडी बोलीत. काय कळायचं त्यांना, देव जाणे. मी एकदा मामीजींना विचारलं तर म्हणाल्या, "सगळं." आता फोन उचलला तर पलीकडून विनोद कानकोंडा होऊन म्हणाला, "मम्मी, आई ऐकतच नाही. म्हणते, फोन लाव."

मी सपरीत मामीजींच्या खुर्चीवर बसले. जैनीबाई बोलू लागल्या. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मधे कुठेतरी मयूरीचं नाव आलं, कुठेतरी त्यांचा आवाज दाटला, मग कशावर तरी त्या मनमोकळं हसल्या. मला एक अक्षर कळलं नाही, मी हं हं करत राहिले. मग त्या थांबल्या. माझी पाळी होती. म्हटलं, धान पोटरीत आलं आहे, आता लोंब्या फुटतील, यंदा पाऊस बरा आहे. राहिलेली तपासणी पार पडली, साहेब चांगले होते. ती दूरची लढाई अजून थांबलेली नाही... तिथे मी अडले.

पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता. मग त्यातून जैनीबाईंचा आवाज आला, मराठीत, त्यांना येत असलेला बहुधा तो एकच शब्द, आणि शेवटचं अक्षर असं लांबवलेलं की मी चमकून खुर्चीत सरळ झाले. हुबेहूब मामीजी.

"मंगऽ?"

मी पुढे सांगू लागले.