फाटकावरची पिशवी

आमच्या गोव्यात पाववाला पहाटे प्रत्येक फाटकावर टांगलेल्या पिशवीत उंडे, म्हणजे गोल कडक पाव, टाकून जातो. आज त्याने शेजारच्या आवेलीनाबाईंच्या फाटकापाशी मला थांबवले. "काका, कालचे उंडे तसेच आसात." बाई एकट्या राहतात. पिशवीला मुंग्या लागल्या होत्या.

सात वर्षे ज्याची खबर नाही, त्याला कायदा मृत मानतो. किती उदार मुदत! उंडा मात्र एका रात्रीत चामट होतो आणि साक्ष देतो. मी काल परगावी होतो. पण ही साक्ष दिवसभर रस्त्यावर लटकत असताना समस्त सुशिक्षित शेजार तिच्यासमोरून निर्विकारपणे ये-जा करीत राहिला, याचा संताप मला आवरेना.

समोरच्या गॅलरीतून आवाज आला, "झोपली असेल हो म्हातारी! आणि परक्याच्या घरात शिरणं गुन्हा आहे, असं तुम्हीच सगळ्यांना पत्रं लिहून कळवता ना?"

कळवले आहे, आणि ते खरेच आहे. दार आतून बंद होते. हाका मारून पाहिल्या. आत केवळ पंखा फिरत होता.

मी पाववाल्याला म्हणालो, "सायकल ठेव तिथेच. दाराला खांदा लाव."