राजाच्या अंगरख्यावरचा लाल

नाटकांची वेशभूषा करण्यात माझी वीस वर्षं गेली. सुरुवात कशी झाली, असं कुणी विचारलं की मी सांगत आले, लहानपणापासून आवड होती. खरं म्हणजे सुरुवात एका खोट्यानं झाली. आणि वाईट हे की तो प्रयोग आठवला की मला अजूनही हसू आवरत नाही.

आमच्या हौशी मंडळानं स्पर्धेसाठी एक नाटक घेतलं होतं. राजा भावाला मारून गादीवर बसतो, असं काहीसं. कपडे माझ्याकडे आले, कारण शिलाई मशीन फक्त माझ्याकडे होती. राजाला पांढराशुभ्र अंगरखा, राणीला लालभडक शेला. शेला रंगवायला इतवारीतल्या एका रंगाऱ्याकडे दिला. प्रयोगाच्या दिवशी सकाळी आणायला गेले, तर तो ओलाच.

"मिठाच्या पाण्यात टाकाचा आहे अजून," रंगारी म्हणाला. "काहून घाई करून राहिली वं पोरी?"

"मीठ माझ्याही घरी आहे, काका."

"मग तीन पाण्यांतून काढजो. पाणी साफ आलं पाहिजे. नाही तं नाव माहं खराब होईन."

हो म्हटलं आणि शेल्याचं एक टोक कॅरिअरला बांधून सायकल हाणली. इतवारी ते धरमपेठ मागे लाल कापड फडफडतंय, टांगेवाले वळून बघतायत, आणि मी हवेत. घरी पोचेस्तोवर शेला खडखडीत वाळला होता. आता पुन्हा कोण भिजवणार? इस्त्री मारली.

पहिल्या अंकात राणी राजाच्या छातीवर डोकं ठेवून रडते. आमचा राजा बँकेत कारकून, आणि भलता घामेजणारा. दिव्यांखाली तर त्याला पाझरच फुटायचे. राणी बाजूला झाली तेव्हा त्याच्या छातीवर पंजाएवढा लाल डाग होता. पुढच्या प्रवेशात खांदा लाल. मग बाही. राणीचे पाठ केलेले अश्रू तसेच वाहत होते आणि विंगेत मी तोंडात पदर कोंबून उभी.

मध्यंतरात दिग्दर्शक धावून आले. "हे काय आहे?"

"रंगाऱ्यानं कच्चा रंग दिला," मी म्हणाले. एका दमात.

दुसऱ्या दिवशी ते रंगाऱ्याला भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बोलून आले. आठवड्यानं निकाल लागला. राजाचं पाप त्याच्या वस्त्रावर हळूहळू उमटत जातं, ही कल्पना परीक्षकांना फार भावली होती. वेशभूषेचं पहिलं बक्षीस! दिग्दर्शक हसून हसून खुर्चीतून घसरले. सायकलरिक्षात आम्ही चौघं कोंबून बसलो आणि धरमपेठेपर्यंत कुणाला धड बोलता येईना. पाप माझ्या नावावर जमा झालं ते असं वाजतगाजत. पुढं सगळी मंडळं मला बोलवायला लागली.

रंगाऱ्यानं एकदाच विचारलं. "तीन पाण्यांतून काढला होता ना वं?"

"हो."

"मग माहाच हात चुकला," तो म्हणाला.

तेव्हापासून लाल कापड देण्याआधी तो ते ओलं करून स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीवर घासायचा. प्रत्येक वेळी. माझी सगळी कामं मी त्यालाच देत होते आणि त्या बाहीकडे न बघायला शिकले होते.

गेल्या हिवाळ्यात तो असाच बाही पुढं करून बसला होता. माझ्या तोंडून निघून गेलं. "काका, तुमचा हात चुकला नव्हता. मी तो शेला धुतलाच नव्हता."

त्यानं बाही खाली सोडली. मग आतल्या बायकोला ओरडून म्हणाला, "ऐकलं काय वं? वीस वर्षं हे सदरे मी काहून खराब करून राहिलो होतो?"

आतून तिचं हसणं आलं, थांबेचना. मलाही यायला लागलं. तो मात्र हसला नाही. ओलं लाल कापड माझ्या हातात देत म्हणाला, "आता तू घास. तुह्या पदराले."

पांढरी साडी होती. मी घासलं, जोर लावून घासलं.

पदर कोराच राहिला. डाग पडला असता, तर जरा बरं वाटलं असतं.