गावानं वाटून घेतलेला किल्ला

चामोर्शीकडच्या एका गावात मी मास्तर होतो, तेव्हा शाळेची दुरुस्ती करायला एक म्हातारा गवंडी यायचा. दगड हाती आला की तो थापीच्या मुठीनं दोनदा ठोकायचा, कान लावायचा आणि मगच बोलायचा.

एकदा मी मुलांना गोंडराजाचा किल्ला दाखवायला नेलं, तर तिथे नुसती धानाची बांधी, भाताची खाचरं. परत येऊन गवंड्यापाशी वैतागलो, "किल्ल्याचं काहीच उरलं नाही."

"गेला कुठी गुरुजी? गावानं वाटून घेतला."

मग त्यानं मला घरोघर फिरवलं. गोठ्याची पायरी बुरुजाची होती. एक बाई तटाच्या दगडावर धुणं धूत होती. दगडाच्या कडेला कमळ होतं. निम्मे दगड यानंच बसवलेले, पण कोरलेली बाजू कुठंच भिंतीत गाडली नव्हती. "राजाचं काम झाकाचं नाई," एवढंच म्हणाला.

शाळेची भिंत उभी राहत असताना त्यानं बैलबंडीतून एक दगड आणला. त्यावर हत्तीवर झेपावणारा सिंह होता. मी ओळखला. त्याच्याच दाराची पायरी होती ती.

"आता तुमच्या घरी?"

"इटा लावल्या. तिथी मी एकटाच पाहत होतो."

त्यानं तो दगड दारालगत, पहिलीतल्या पोरांचा हात पोचेल इतक्याच उंचीवर बसवला.

आठवड्याभरात ती धुणंवाली बाई कमळाचा दगड बंडीत घालून हजर. "हाही लावून दे भाऊ," ती म्हणाली, "अन् मले धुवाले दुसरा पाहून दे."

त्यानं दगड दोनदा ठोकला, कान लावला आणि पहिल्यांदाच हसला.